मिरचीखालचा पाट

मी एक जुना पाट आहे, मित्रांनो. पण माझ्यावर माणसांपेक्षा मिरचीच जास्त बसली. नंदुरबारच्या सुतारानं १९२१ साली मला सागाच्या फळीतून घडवलं. मिरचीचे व्यापारी उमेदमल शेठजी यांच्या आईचे गुडघे धरत, म्हणून त्यानं मला वीतभर उंच पाय लावले. दहा वर्षं मी चुलीपुढे होतो. म्हातारी गेली आणि मी माळ्यावर चढलो.

१९३४ च्या दिवाळीनंतर शेठजींच्या पत्नी हुलासबाईंनी मला खाली काढलं आणि पथारीवर पाठवलं. मिरची वाळवायच्या त्या मोकळ्या मैदानात पंचवीस बाया दिवसभर उकिडव्या बसून देठ खुडत. सातपुड्यातून हंगामापुरती आलेली कालीबाई त्यांच्यात सर्वांत झपाट्याची. तिनं बसावं म्हणूनच मला पाठवलं होतं. तिनं मला पुसलं, माझ्यावर मिरचीची टोपली ठेवली आणि शेजारी उकिडवी बसली. दंवानं जमीन ओली असे. मिरची काळी पडली असती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पौषात एका संध्याकाळी ती उठली, तर उजवं पाऊल लोंबत राहिलं.

"काली, पाय सासरी ठेईसन उनी का?" शेजारची दिवलीबाई म्हणाली. बाया हसल्या.

"झोपेल शे. उठी जाई."

पाऊल उठलं नाही. बोटं जमिनीला घासत ती चालू लागली. चौथ्या सकाळी शेकोटीतला निखारा उडून त्या पावलावर पडला. कातडी जळली, तरी तिनं खाली पाहिलं नाही. वास आधी दिवलीबाईला आला. दुपारपर्यंत 'महारोग' हा शब्द पथारीभर फिरला आणि तिचं पाणी वेगळं झालं. मुकादम नवलसिंग म्हणाला, "उद्या येऊ नको. तुन्हा गावलेबी सांगी देसू." गावानंही बाहेर काढलं, तर तिला जायला जागा नव्हती.

हुलासबाई तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथलं मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. डॉक्टरांनी पिसानं पाय तपासला, अंगावर चट्टे शोधले. एकही सापडला नाही. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला दाबलं, तेव्हा मुंग्या आल्या.

"महारोग नाही. उकिडवं बसून नस दबली आहे. बसायला काही नव्हतं?"

"पाट व्हता," कालीबाई म्हणाली. "त्यानावर मिरची व्हती."

दुसऱ्या दिवशी नवलसिंगसमोर हुलासबाईंनी स्वतः टोपली उचलून दगडांवर ठेवली. "बस वर."

"मोडी जाई, शेठाणी."

"सासूबाईंनी मोडला नाही, तू काय मोडशील."

ती माझ्या कडेला टेकली. हळूहळू मध्यावर आली.

होळीसाठी बाया डोंगरात परतायच्या होत्या, त्याच्या आदल्या दिवशी पाय ओढून घेताना माझ्या कडेची सुईसारखी बारीक कूस तिच्या उजव्या, बधिर नडगीच्या बाहेरच्या बाजूला घुसली. तिचे हात थांबले.

"लागनं," ती म्हणाली.

दिवलीबाई कूस काढायला वाकली.

"ऱ्हाऊ दे. जरासं ऱ्हाऊ दे."

पाऊल पूर्ण कधीच उचललं गेलं नाही. ती आणखी सहा हंगाम आली, बोटं घासतच. सातव्या हंगामाला आली नाही. आज माझ्यावर पुन्हा टोपली आहे.

मित्रांनो, कुणाला बसायला काही द्याल, तर लगेच पाठ फिरवू नका. ते माणूस त्यावर बसलं का, तेवढं पाहा.