नाकतोड्याचा पासपोर्ट फोटो

“बाई, नाकतोड्याला चष्मा लागला तर तो कुठल्या कानांवर अडकवणार?”

‘विचारून दाखव, तर तू खरी!’ असं म्हणून मैत्रिणींनी टकळीला पुढे ढकललं होतं आणि आता त्याच भवान्या खांबाआड फिदीफिदी हसत होत्या. शाळेची सहल संग्रहालयात आली होती. तिथली किड्यांची खोली सांभाळणाऱ्या किडेबाईंनी हातातलं भिंग खाली ठेवलं.

“गुडघ्यांवर,” त्या म्हणाल्या. “लांब मिशांच्या नाकतोड्याचे कान पुढच्या पायांत असतात, गुडघ्याच्या जरा खाली. प्रश्न झकास आहे. सुट्टीत मला मदतनीस हवी आहे. तुला अनोळखी असेल असा एखादा किडा शोध. एक फोटो बाजूने, एक वरून, पुढचे पाय स्पष्ट. फोटोंवरून मला तो ओळखता आला, तर जागा तुझी.”

टकळीचे पाय जमिनीला लागेनात.

आणि नशीब असं की किडा आपणहून घरी आला! पुढच्या खोलीत बाबांचा फोटो स्टुडिओ होता. तिथल्या दिव्याच्या पांढऱ्या छत्रीवर एक हिरवे महाशय बसले होते. अंग थेट पानासारखं, मिशा अंगाहून लांब. टकळीने मोबाइल काढला, तर बाबा आडवे आले.

“फोटोग्राफरची मुलगी मोबाइलवर फोटो काढते? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!”

बाबांचा सगळा जन्म पासपोर्टचे फोटो काढण्यात गेला होता. त्यांनी स्टुलावर पांढरा कागद अंथरला, पाहुण्याला पुठ्ठ्यावरून अदबीने त्यावर बसवलं आणि नेहमीचा पाढा सुरू केला. “मान सरळ. हसायचं नाही. दोन्ही कान दिसले पाहिजेत.”

“बाबा, त्याचे कान पायांत आहेत.”

“मग पाय पुढे,” बाबा शांतपणे म्हणाले.

आणि किड्याने खरंच पाय पुढे केले.

“बघ, किती समजूतदार गिऱ्हाईक! नाहीतर परवाचे ते दातांचे डॉक्टर. तोंड मिटायलाच तयार नाहीत.”

संगणकावर फोटो साफ करणं हे आईचं खातं. आईच्या तावडीतून आजवर कुणाच्या चेहऱ्यावरचा डाग सुटला नव्हता. संध्याकाळी तिने पाकीट बंद करून हातात ठेवलं आणि टकळीने ते तसंच किडेबाईंना नेऊन दिलं.

किडेबाईंनी फोटो पाहिले. भिंगातून पाहिले. मग जाडजूड पुस्तकं काढली, ती उघडून पालथी टाकली आणि शेवटी खुर्चीवर चढून उभ्या राहिल्या.

“पंखावर एक डाग नाही! दोन्ही मिशा अगदी सारख्या! अगं, असा किडा पुस्तकातच नाही. नवा आहे, नवा! याला मी तुझं नाव देणार!”

टकळी हरखली. आता मैत्रिणींची तोंडं बघण्यासारखी होणार! तेवढ्यात तिची नजर फोटोवर गेली. किड्याच्या गालांवर मंद गुलाबी छटा होती. ती छटा तिच्या ओळखीची होती. तिने गळ्यातलं शाळेचं ओळखपत्र उचललं. फोटोत तसेच गुलाबी गाल, हनुवटीवरचा तीळ गायब, वाकडा दात सरळ. नाव गेलं, जागाही बहुतेक गेली.

“बाई, खाली उतरा. हा किडा नाही, आईची करामत आहे.”

ती धावत घरी गेली. महाशय परत छत्रीवर जाऊन बसले होते. मोबाइलवर फोटो काढून ती तशीच माघारी आली. पंखांवर तपकिरी ठिपके, एक मिशी तुटकी आणि मागचा एक पाय मुळातच नाही! आईने फोटोत डावीकडच्या पायाची नक्कल करून उजवीकडे बसवली होती.

किडेबाईंनी एक नजर टाकली. “हात्तिच्या! हा तर रोज माझ्या खिडकीत येतो.”

“म्हणजे ओळखलात?”

“ओळखला की. सोमवारपासून ये. आणि आईला आणू नकोस.”

घरी आल्या आल्या टकळी थेट स्टुलावर चढली.

“आई, बाबा, माझं ठरलंय. सुट्टीत मी किड्यांच्या खोलीत काम करणार. आणि ओळखपत्राचा फोटो आत्ता, इथेच, पुन्हा काढायचा. तीळ राहील, दात राहील, गाल माझ्याच रंगाचे राहतील. आई, तू संगणकापासून लांब बस. आणि बाबा, मी हसणार आहे!”