आवाजाच्या डब्याची धास्ती

मी पत्र्याचा एक जुना डबा आहे, मित्रांनो. मुठीत मावेन एवढाच. माझ्या पोटात वाळलेले वाटाणे आहेत. झाकण गोंद लावून कायमचे बंद केलेले आहे आणि अंगावर निळा कागद आहे, तोही आता कडेने उचकटला आहे. मला हलवले की मी खडखड वाजतो. तेवढेच मला येते. बोलता मात्र येत नाही, आणि त्यापायी एका वर्षी माझ्या जिवाची जी घालमेल झाली, ती आज तुम्हाला सांगायची आहे.

पूर्वी माझ्यात घसा बसल्यावर चघळायच्या गोळ्या असत. गोळ्या संपल्या की असे डबे कचऱ्यात जातात. पण आमच्या बाईंना तेव्हा बालवर्गात नुकतीच नोकरी लागली होती आणि दिसेल ती रिकामी वस्तू त्या पिशवीत टाकत. ओळखीपाळखीच्यांकडून मागून मागून त्यांनी आम्हा आठ जणांना गोळा केले. एका रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी आपली वही उघडली. वहीत प्रत्येक दिवसाचा एक चौकोन असे: मुलांनी काय करायचे, कशाने करायचे, किती वेळ. त्या दिवशी त्यांनी लिहिले, 'आवाजाच्या जोड्या. मुलाने कान देऊन ऐकावे.' मग दोन डब्यांत वाळू भरली, दोन डब्यांत तांदूळ, दोन डब्यांत बटणे, आणि मला व माझ्या जोडीदाराला वाटाणे मिळाले. सगळ्यांना एकसारखा निळा कागद, म्हणजे डोळ्यांना काही कळू नये.

बाईंनी नवऱ्याला डोळे मिटायला लावून पहिली परीक्षा त्याचीच घेतली. त्याने वाळू आणि तांदूळ यांची खुशाल जोडी लावून दिली.

"लहान मुलांना जमेल ना रे हे?" बाईंनी काळजीने विचारले.

"मला जमलं नाही म्हणजे त्यांना नक्की जमेल," तो म्हणाला.

बाई हसल्या, पण वहीतली दहा मिनिटे खोडून त्यांनी पंधरा केली.

वर्गात आमचे झकास स्वागत झाले. सोळा मुले सतरंजीवर गोल करून बसत. कुणी मला कानात घुसवायला बघे, कुणी मला हलवताना छताकडे डोळे लावे. एकाने तर मला चाटूनही पाहिले. जोडी जुळली की बाई टाळ्या वाजवत आणि मला जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटे.

मग भिंगरीची पाळी आली. तिचे खरे नाव हजेरीपटावर होते, पण ती दिवसभर वर्गात गरगर फिरायची, म्हणून मदतनीस मावशींनी तिला भिंगरी म्हटले आणि तेच चिकटले. वय चार. बोलणे अगदी मोजके, तेही अर्धवट. तिने चारही जोड्या लावल्या. एकही चूक नाही, आणि सगळ्यांपेक्षा लवकर! बाईंनी तिला उचलून घेतले.

पण मित्रांनो, मी तिच्या हातात होतो. तिने मला कानाजवळ नेलेच नाही. तिने मला गळ्याखालच्या हाडावर टेकवले, हळूच तिरके केले आणि आत वाटाणे कसे आपटतात ते त्या हाडाने आणि बोटांनी ओळखले. बटणे जड पडतात, वाळू नुसती सरकते, तांदूळ बारीक टोचल्यासारखे लागतात. सगळे तिने असेच शोधले. मी जिवाच्या आकांताने वाजत होतो, पण तिच्या पापण्या एकदाही हलल्या नाहीत. तिला मी ऐकूच येत नव्हतो.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. फळीवरून मला सारा वर्ग दिसे. हात धुवायची घंटा वाजली की पंधरा मुले उठत, आणि ती उठलेली बघून भिंगरी मागाहून धावे. बाई पुस्तकात मान घालून गोष्ट वाचू लागल्या की ती उठून खिडकीशी जाई. तिच्याकडे तोंड करून सांगू लागल्या की मात्र टक लावून बसे. आता बाईंच्या लक्षात येईल, मग येईल, अशी मी वाट बघे. पण कुणाची चड्डी ओली, कुणाचा डबा सांडलेला, कुणाला आई हवी. सोळा मुलांत बाईंना श्वास घ्यायची फुरसत नसे.

एके दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या प्रमुखांनी, भिंगरीच्या वडिलांना बोलावून घेतले. ते बस चालवत. कामावरचा गणवेश तसाच अंगावर ठेवून आले आणि आमच्या वर्गातल्या बुटक्या खुर्चीवर अवघडून बसले. भिंगरी दाराशी बूट घालत होती.

"तुमची मुलगी सांगितलेलं ऐकत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलांना ढकलते, गोष्टीतून उठून जाते. महिनाअखेरपर्यंत फरक पडला नाही, तर हे वर्ष घरीच ठेवा. पुढच्या वर्षी बघू."

"घरीपण तेच चालतं," वडील खाली बघत म्हणाले. "हाका मारून मारून घसा बसतो. तिची आई म्हणत होती, एकदा कान दाखवून आणू या का?"

मला हुश्श झाले. आता सुटलो, असे वाटले.

"छे हो, कान अगदी उत्तम आहेत!" आमच्या बाई चटकन म्हणाल्या. त्यांना भिंगरीची बाजू घ्यायची होती. त्यांनी मला आणि माझ्या जोडीदाराला उचलले आणि वडिलांपुढे वाजवून दाखवले. "हे बघा. नुसत्या आवाजावरून जोड्या लावते. वर्गात पहिली!"

वडिलांचा चेहरा उजळला. "म्हणजे डोकं तल्लख आहे. नुसता हट्टीपणा."

मित्रांनो, त्या क्षणी माझी काय अवस्था झाली असेल! माझीच साक्ष काढली गेली होती आणि ती साफ खोटी होती. वडील उठले आणि दाराशी जाऊन पाठमोऱ्या मुलीला म्हणाले, "उद्यापासून बाईंचं ऐकलं नाहीस ना, तर बघच." भिंगरीने मान वर केली नाही. ती बुटाच्या बंदाशी झटत राहिली. "बघितलंत?" वडील म्हणाले. "ही अशी!"

पुढचे दिवस मी फळीवर नुसता तळमळत होतो. भिंगरी आता सकाळी रडत येऊ लागली. एकदा तिच्या दंडावर लाल वळ दिसला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मावशी रोज एक चौकोन खोडत, आणि महिनाअखेर जवळ येत होती.

बाईंनाही तिची काळजी लागली होती. भिंगरीचे मन रमावे म्हणून त्यांनी खास तिच्यासाठी वहीत एक अवघड खेळ बेतला. बाईंनी कपाटाच्या मागे उभे राहून एक डबा वाजवायचा आणि मुलाने अलीकडून त्याची जोडी शोधायची. 'सोप्याचा तिला कंटाळा येत असेल,' असे त्यांनी समासात लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी चार निळे डबे भिंगरीपुढे मांडले. कपाटामागे काय होणार ते बाईंनी हातवारे करून तिला समजावले आणि मला घेऊन त्या मागे गेल्या. त्यांनी मला वाजवले. मग पुन्हा. मग जोरात. मी पत्रा फाटेल एवढा खणखणलो. पलीकडे दुसरी मुले ओरडू लागली, "वाटाणे! वाटाणे!" बाई मला तसेच वाजवत कडेने डोकावल्या.

भिंगरी मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, कपाटाकडे बघत हसत बसली होती. खेळ केव्हा सुरू होतो याची ती वाट बघत होती.

बाईंचा हात थांबला.

शाळा सुटल्यावर त्या सतरंजीवर बसल्या. कानांत कापसाचे बोळे कोंबले, वरून रुमाल घट्ट बांधला, डोळे मिटले आणि एकेक डबा उचलून, भिंगरी टेकवायची तसाच, गळ्याखाली टेकवला. चारपैकी दोन जोड्या बरोबर लागल्या. रुमाल सोडून त्या धावतच मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. मी त्यांच्या मुठीतच होतो. मोठ्या बाईंनी सगळे ऐकून घेतले. "डॉक्टरांना चिठ्ठी लिहा," त्या म्हणाल्या. "मीही सही करते. तिला घरी ठेवायचं मी बोलले होते, ते विसरा."

सकाळी वडील आले, तेव्हा बाई स्वतःच पुढे झाल्या. "तिचे कान तपासायला हवेत. डबे ती हाताला जाणवतं त्यावरून ओळखते. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

"तुम्हीच तर म्हणालात, कान उत्तम आहेत!"

"हो. चूक माझी आहे."

वडील रागाने काही बोलणार होते, पण तोंडून निघाले ते वेगळेच. "मी परवा हात उचलला हो तिच्यावर," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

तपासणीत कळले की भिंगरीला दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येते. पुढचे दोन महिने तिची जागा रिकामी होती. तिला काय करत असतील, कुठे नेत असतील, या विचाराने मला चैन नव्हते. मग एका सकाळी ती वडिलांचे बोट धरून आली. दोन्ही कानांमागे शेंगदाण्याएवढी यंत्रे होती. ती चालत माझ्या फळीशी आली, मला उचलले, सवयीने गळ्याखाली टेकवले आणि तिरके केले.

खड् खड् खड्!

ती एवढी दचकली की तिने मला फेकूनच दिले आणि मोठ्याने रडू लागली. माझ्या झाकणाला पोचा पडला. वडील घाबरून पुढे झाले. पण बाईंनी मला उचलून भिंगरीसमोर धरले आणि अगदी हळू, एकदाच हलवले. तिचे रडे थांबले. तिने मला बोट लावले, मग बाईंकडे बघितले. "पुन्हा," ती म्हणाली.

या गोष्टीला बरीच वर्षे झाली. आता फळीवर बटण दाबल्यावर गाणारी खेळणी आली आहेत आणि आम्ही आठांतले पाच जण उरलो आहोत. वाळूच्या दोघांची झाकणे उघडली, तांदळाचा एक कुठे गेला कुणास ठाऊक. मलाही कधी तरी टाकून देतील. त्याचे मला फारसे दुःख नाही. धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. दर वर्षी नवी सोळा मुले या सतरंजीवर येतात, आणि त्यांच्यातले कोण काय लपवत आहे हे त्यांचे त्यांनाही ठाऊक नसते.

म्हणून तुमच्यापाशी एकच मागणे आहे. तुमच्यातले कुणी उद्या आई व्हाल, बाबा व्हाल, बालवर्गातले शिक्षक व्हाल. मुलाचे उत्तर बरोबर आले की खुशाल टाळ्या वाजवा. पण टाळ्या थांबल्यावर त्याच्याशेजारी खाली बसा आणि त्याने ते कसे शोधले, तेही बघा.