वाढलेली डोलकाठी

एका साध्या शब्दानं माणूस कसा गोत्यात येतो, ते कृष्णकांत राऊताला विचारावं. पालघरजवळच्या माहीमचा, पानवाडीतला हा माणूस. बापाची इच्छा, पोरानं वाडी बघावी. पोरानं हातात पेन्सिल धरली. सहासष्ट साली तो तारापूरला, अणुवीज प्रकल्पावर नकाशे काढायला लागला. पालघरला गाडी पकडायची, उमरोळी गेलं की दाराशी यायचं, बोईसरला उडी टाकायची आणि तिथून ट्रकमध्ये उभ्यानं साइटवर. नोकरी कच्ची होती, पण हात पक्का होता.

त्याचा साहेब ऑल्सन, अमेरिकन माणूस. साइटवर त्याचं एकच पालुपद असे: तडा दिसला तर सांगा, सांगितलेला तडा बुजवता येतो. लपवणारा मात्र दुसऱ्या दिवशी फाटकाच्या आत दिसत नसे. असा हा खडूस माणूस रविवारी बंगल्यात मांडीवर टॉवेल पसरून प्लास्टिकचं जहाज जोडत बसायचा! पेटीतून आलेले दोनशेच्या वर तुकडे, कागदावर छापलेल्या सूचना, एवढीशी गोंदाची नळी. तीन डोलकाठ्यांचं जुनं शिडाचं जहाज. ऑल्सनचा म्हातारा बाप तरुणपणी तसल्याच जहाजावर खलाशी होता. आता तो अंथरुणाला खिळलेला, लेकालाही ओळखेना. ‘निदान जहाज तरी ओळखेल,’ असं साहेब एकदा म्हणाला आणि लगेच खोकला.

कृष्णकांतला त्या जहाजाचं वेड लागलं. तपकिरी प्लास्टिकवर त्यानं शाईच्या बारीक रेघांनी फळ्या उमटवल्या, एकेका फळीला खिळ्याचा ठिपका दिला. दोऱ्याला मेण लावून दोरखंड केले. साहेबानं त्याला गाठ शिकवली, तीच तो घालायचा. दोघांचं इतकं जमलं, की साहेब घरी जे बोलत नसेल ते जहाज जोडताना बोलायचा.

बंगल्यात कामाला होती गोजराबाई, शेजारच्या घिवली गावची. नवरा महादू मच्छीमार, शिडाच्या होडीवरचा. ती पहिल्यांदा जहाज बघून फिस्सकन हसली होती. "भाऊ, सायबाला सांगा, शीड फुगलंय पुढं नि निशान फडफडतंय मागं. वारा काय दोन बाजूंनी येतोय? असं जहाज घाटावर चालत असंल." कृष्णकांतनं ते भीत भीत इंग्रजीत सांगितलं. साहेब पाच मिनिटं निशाणाकडे बघत राहिला, मग त्यानं ते उपटून उलट बाजूला चिकटवलं. तेव्हापासून गोजराबाईला त्या टेबलावरची धूळ झटकायची मुभा मिळाली, जी मडमेलाही नव्हती.

दिवाळी झाली. साहेबाला घरून तार आली, बापाचं काही खरं नाही. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं ठरलं, त्याआधीचा आठवडा मडमेसह मुंबईत, कागदपत्रांसाठी. जाताना तो कृष्णकांतला म्हणाला, "जहाज तुझ्या हवाली. शुक्रवारी पाचला येईन, पेटीत घालून तयार ठेव." रविवारी कृष्णकांतनं तिन्ही डोलकाठ्यांचे वरचे तुकडे चढवले, दोर ताणले. जहाज हातभर उंच दिसायला लागलं. थोडे दोर तेवढे राहिले.

मंगळवारी सकाळी ट्रक बंगल्यांवरून जात असताना गोजराबाई रस्त्याच्या कडेला उभी. हात वर करून ओरडली, "भाऊ, सायबाचं जहाज वाढलं!"

"बरं झालं!" कृष्णकांत ट्रकमधून ओरडला. ती वेड्याकडे बघावं तशी बघत राहिली. त्याचं लक्षच नव्हतं. दुपारी मुंबईहून साहेबाचा फोन आला तेव्हा तर गडी छाती फुगवून म्हणाला, "जहाज झकास आहे, सर. वाढलंय!" साहेब हसला. त्या हसण्यावर कृष्णकांतचे तीन दिवस मजेत गेले.

शुक्रवारी तीन वाजता तो पेटी, कापूस घेऊन बंगल्यावर आला. टेबलावरची चादर त्यानं उचलली. मधली डोलकाठी तीन ठिकाणी मोडली होती. वरचा तुकडा दोरांना लोंबत होता, मधल्याचा चुरा झाला होता.

"गोजराबाई! हे काय?"

"सांगितलं की मंगळवारी! सोमवारी वाऱ्यानं खिडकी उघडली, पडदा अडकला नि..." तिनं उभा हात आडवा करून दाखवला. "वाढली म्हणून सांगितलं, तर तुमी म्हणालात बरं झालं. मला वाटलं, भाऊ रागानं बोलला."

कृष्णकांतच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. पडून काय उपयोग! "अहो, मोडली म्हणून सरळ सांगता येत नव्हतं?"

"हळू बोला!" तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "महादू दर्यात हाय. चार दिवस झाले, होडी परतली नाय. बाकीच्या आल्या. मानूस दर्यात असताना डोलकाठीला तो शबुद लावत नाय आमी. बांगडीला लावता का तुमी? नारळाला लावता? वाढली म्हनता ना?"

त्यानं कपाळाला हात लावला. बांगडी वाढते, नारळ वाढवतात, हे त्याच्या आईनंच त्याला शिकवलेलं. पण रविवारी चढवलेलं जहाज मंगळवारी वाढलं, म्हणजे कोण काय समजेल? आणि साहेबाला आपण छातीठोक सांगितलं, झकास आहे. आता साहेब म्हणणार, तडा लपवला. नोकरी गेली, ते एक वेळ सोसलं असतं. पण ज्या माणसानं बापाचं जहाज हवाली केलं, त्याच्या नजरेतून खोटारडा म्हणून उतरायचं, ह्या विचारानं तो डोकं धरून खाली बसला.

"बसून काय व्हतं?" गोजराबाई म्हणाली. "काठी करा."

ती परसात गेली, जुन्या टोपलीतल्या बांबूच्या दोन काड्या उपसून घेऊन आली. कृष्णकांतनं ब्लेडनं त्या तासल्या, वर निमुळत्या केल्या. पहिली चिरली. दुसरी बसली. शाईत तपकिरी रंग मिसळून फासला. घड्याळात चार वाजून वीस. अजून सोळा दोर बांधायचे आणि त्याच्या बोटांना घाम सुटलेला. गाठ घालावी तर सुटत होती. गोजराबाईनं दोरा हातातून हिसकला. आयुष्यभर जाळी विणलेली बोटं ती. एक, दोन, तीन, बघता बघता दोर ताठ झाले. बाहेर जीपचा आवाज आला तेव्हा ती शेवटचा दोर दातांनी तोडत होती.

साहेब आला तो थेट टेबलाशी. वाकला, शीळ घातली, कृष्णकांतच्या पाठीवर थाप मारली. कृष्णकांतला वाटलं, सुटलो. बोलावं का? जाऊ दे, कशाला! पेटी पुढे ओढली, तेवढ्यात साहेबाचं बोट मधल्या डोलकाठीच्या बुंध्याशी थांबलं.

"ही गाठ तुझी नाही," साहेब इंग्रजीत म्हणाला. मग नखानं काठी खरवडली. रंगाखाली बांबू दिसला. "मंगळवारी तू म्हणालास, झकास आहे. तुला माहीत होतं?"

"नव्हतं, सर. आज कळलं."

"आज कळलं, तर मी आल्यावर का नाही सांगितलंस?"

कृष्णकांत बोलायला गेला, "सर, ह्यांनी मला सांगितलं होतं, की जहाज... मोठं झालं," आणि स्वतःच्याच कानाला ते वाक्य इतकं मूर्खासारखं वाटलं, की त्यानं जीभ चावली. साहेबाच्या भुवया चढल्या. त्याला साइटवर हजार सबबी ऐकायची सवय, पण ही नवीन होती.

कृष्णकांत गोजराबाईकडे वळला. "बाई, पाया पडतो. साहेबाला एवढं सांगा, की खिडकीनं मोडली. त्याला कामापुरतं मराठी कळतं, तुमच्या तोंडून ऐकलं तर पटेल. एकच शब्द."

गोजराबाई खिडकीतून बघत होती. पलीकडे समुद्र मळकट झालेला, आणि त्यावर एकही शीड नव्हतं. तिचा हात गळ्यातल्या मण्यांवर होता. कृष्णकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण हिच्याकडे काय मागतोय? ‘नको बाई, राहू दे,’ असं म्हणायला त्यानं तोंड उघडलंच होतं.

"भाऊ," तिनं न वळता विचारलं, "दर्याला विंग्रजी येतं का वं?"

"काय?"

"विंग्रजी. कळतं का त्याला?"

कृष्णकांतनंही समुद्राकडे बघितलं. "नसेल कळत," तो म्हणाला.

गोजराबाईनं आधी खिडकी लावली, कडी घातली. मग साहेबासमोर येऊन उभी राहिली. मडमेच्या कपबश्या धुता धुता शिकलेला एक शब्द तिच्यापाशी होता, तो तिनं काढला. "सायब," ती हळूच, जवळजवळ कानात सांगावं तसं म्हणाली, "ब्रोकन. खिडकी. मी. भाऊ नाय." आणि तोंडात पदर कोंबून मटकन खाली बसली.

मग कृष्णकांतनं सगळं सांगितलं; बांगडी, नारळ, महादू, चार दिवस. आणि आल्या आल्या सांगायला हवं होतं, भ्यालो, हेही सांगितलं. साहेबानं काठी काढली नाही, गाठही सोडली नाही. स्वतःच्या हातानं कापूस भरला. दाराशी जाताना गोजराबाईपुढे थांबून त्यानं टोपी काढली. कृष्णकांतला म्हणाला, "महिन्यानं येतो. तोवर तडे मोज." म्हणजे नोकरी राहिली.

पण त्या शनिवार-रविवारी कृष्णकांतला घास गोड लागला नाही. आपली अब्रू वाचवायला त्या बाईकडून तो शब्द वदवला. होडीचं काही बरंवाईट झालं तर? देव, दर्या ह्यातलं काही मानत नाही, असं तो मित्रांना सांगायचा. रविवारी माहीमच्या किनाऱ्यावर जाऊन गुपचूप नारळ सोडून आला.

सोमवारी ट्रक बंगल्यांजवळ आला तेव्हा त्यानं मान खाली घातली. बघायची हिंमतच होईना.

"भाऊ! अवो भाऊ!"

गोजराबाई कडेला उभी होती. डोक्यावर टोपली, टोपलीत हातभर घोळ मासा, आणि मागे सायकल धरून काळाठिक्कर पडलेला एक माणूस हसत उभा.

"बघितलंत?" ती ट्रकच्या मागं धावत ओरडली. "नाय येत दर्याला विंग्रजी!"