उंबरावरचा पहिला घाव

आमच्या फाटकासमोरचा उंबर मला कधीच आवडला नाही. फळं पिकली की खाली सडा, त्यावर चिलटं, रात्री वटवाघळं, आणि झाडलोट माझ्या वाट्याला. पुढे कॉलनीत मला ‘झाडांची कैवारी’ म्हणून हिणवलं गेलं, म्हणून हे आधीच सांगून टाकते. त्याला वाचवायची मला काडीची हौस नव्हती.

पंचवटीपलीकडचे मळे मोडून ही कॉलनी झाली आणि १९८० साली आम्ही तिथे राहायला आलो. माझे यजमान भिमाजी सरकारी कारकून, मी शिक्षिका. कॉलनीत बौद्ध घर आमचं एकच. लोक भांडत नसत. बोलावत नसत, एवढंच. मला त्याचं काही वाटत नव्हतं, ह्यांना वाटायचं. फाटकाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःहून नमस्कार करायचे, आणि कोणी नुसती मान हलवली तरी दिवसभर खूश. मला त्याची भयंकर चीड यायची.

रस्त्यासाठी झाडं निवडायची सभा शेजारी, अध्यक्ष गोटीरामभाऊंच्या अंगणात झाली. आम्हाला निरोप नव्हता, पण भाऊंचा आवाजच असा की सभा घरबसल्या ऐकू आली. झाडाला फळ नको, कचरा होतो. पाखरं बसायला नकोत, वाळवणावर घाण करतात. पसरायला नको, सावलीत गुरं येऊन बसतात. बकरीनंसुद्धा तोंड लावता कामा नये. थोडक्यात, कोणाच्याही उपयोगी न पडणारं झाड हवं होतं. एकमतानं निलगिरी ठरली.

मग जुने करंज, जांभळं आणि एक भोकर असं सगळं तोडलं. त्यांच्यात देव नसतो, त्यामुळे कोणाचं मन कचरलं नाही. उंबरात दत्त असतो, म्हणून तेवढा राहिला.

चार-पाच वर्षांत निलगिऱ्या विजेच्या खांबांच्या वर गेल्या. त्यांच्यावर घरटं दिसेना, खाली धड गवत उगवेना. रस्ताभरची पाखरं मग जाणार कुठे? तांबट, बुलबुल, साळुंक्या, हरोळ्या, सगळ्यांनी आमचा उंबर गाठला. वैशाखात गोटीरामभाऊंच्या गच्चीवर कुरडया पडल्या आणि एका दिवसात त्या टाकून द्यायच्या लायकीच्या झाल्या. त्यांची बायको कुसाबाई गच्चीवरून आमच्या घराकडे बघत बडबडायची, जणू पाखरं आम्हीच पाळली होती.

शेवटी आश्विनात भाऊंनी सिन्नरकडून भिकन नावाचा लाकूडतोड्या आणला. उंबर बघताच त्यानं हात जोडले आणि कुऱ्हाड खाली ठेवली.

“पयला घाव म्या नाय घालायचो. पयला ज्याचा, पाप त्याचं. पुढचं म्या बघतो.”

जमलेल्यांपैकी एकाची पाठ दुखत होती, एकाची सून गरोदर होती, एकाला चातुर्मास आत्ताच आठवला. मग सगळ्यांच्या माना आमच्या फाटकाकडे वळल्या, आणि गोटीरामभाऊ पहिल्यांदाच आमच्या अंगणात आले. उंबराचं फूल उगवलं म्हणायचं, असं मी बोलून घेतलं. त्यांनी हसल्यासारखं केलं आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“भिमाजीसाहेब, पहिला घाव तुम्ही घाला. तुमच्यात दत्त नाही, देव नाही. तुम्हाला कसलं पाप लागणार? कॉलनीचं काम आहे.”

साहेब! ह्यांचा चेहरा असा उजळला की मला रडूच आलं. ह्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, बाह्या वर केल्या आणि बाहेर जाऊन कुऱ्हाड उचलली.

झाड पडतं तर माझी रोजची झाडलोट सुटती. पण उद्या कोणाच्या घरी काही बरंवाईट झालं की बोट आमच्याच दाराकडे वळणार होतं. आणि न वळलं तरी, आपल्याला नको असलेली घाण आमच्या हातानं काढून घ्यायची या लोकांची खोड पिढ्यान्‌पिढ्यांची. माझं डोकं फिरलं. मी धावत जाऊन कुऱ्हाडीचा दांडा धरला.

“आमचा चहा चालत नाही, कुऱ्हाड चालते?” मी गोटीरामभाऊंना विचारलं. “पहिला घाव तुम्ही घाला. दुसरा मी घालते, सगळ्यांदेखत.”

कोणी पुढे आलं नाही. भिकन कुऱ्हाड घेऊन चालता झाला. गोटीरामभाऊ जाताना म्हणाले, असल्या लोकांना डोक्यावर बसवलं की असंच होतं. तेही हळू आवाजात नव्हे.

त्यानंतर हे माझ्याशी बोलेनासे झाले. कॉलनीत आपल्याला कोणीतरी विचारलं होतं आणि बायकोनं ते धुडकावलं, हे ह्यांच्या मनातून जाईना.

गुरुवारी कुसाबाई उंबराला प्रदक्षिणा घालायला आली. घरावरचं पाप टळलं म्हणून दत्ताला नारळ. ऊन चढलं होतं, घेरी येऊन ती बुंध्याशी बसली. हे लगबगीनं आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. तिनं तांब्याकडे पाहिलं.

“आज उपास आहे,” ती म्हणाली आणि भिंतीचा आधार घेत घरी गेली.

उपासाला पाणी चालतं, हे ह्यांनाही ठाऊक होतं. हे तसेच उभे राहिले. वर पाखरांचा नुसता कालवा चालला होता.

“मी घाव घातला असता,” ह्यांनी विचारलं, “तर प्याल्या असत्या का गं?”

“नाही,” मी म्हणाले, आणि ह्यांच्या हातातून तांब्या काढून घेतला.