पाठ तीच, उत्तरं दोन

१९७४ साली बाजारामागच्या बंद गोदामात ओळंबेबाबा येऊन बसला आणि दिवस उजाडायच्या आत बाहेर रांग लागायला लागली. रांगेत सगळ्या आया, आणि त्यांच्या हाताला धरलेल्या, पाठीत बाक आलेल्या मुली.

बाबा पडद्याआड बसायचा. पडद्याला चौकोनी झरोका होता, त्यात मुलीनं उघडी पाठ करायची. बाबा पाठीसमोर गवंड्याचा ओळंबा, दोरीला टांगलेलं वजन, धरायचा. हलला तर बाक वाढणार, थांबला तर बाकही थांबणार. "मी तोंडं बघत नाही. तोंड खोटं बोलतं, पाठ बोलत नाही," हे त्याचं पालुपद. आणि त्याचं भाकीत बहुतेक वेळा खरं ठरायचं, म्हणून तर माणसं वेडी झाली होती.

मी तेव्हा शाळेचे गणवेश शिवायची. माझ्या भावाच्या मुलीचा, टिकलीचा, झगा एका बाजूनं वर चढतो हे मलाच आधी दिसलं. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढून पाठीचा लोखंडी पट्टा दिला आणि वाढ संपेपर्यंत तो दिवसरात्र घालायला सांगितलं. पण वहिनी तिला बाबाकडे घेऊन गेली. ओळंबा हलला. "लोखंडानं पाठ रुसते," म्हणत बाबानं पट्टा काढायला लावला आणि कमरेला तेलाचा दोरा बांधला, दर महिन्याला बदलायचा. बाक वाढला तर बाबा बोललाच होता, थांबला तर दोऱ्याचा गुण. पोरींच्या पाठींवरून फिरणारी त्याची ती तेलकट बोटं आठवली की अजून मला शिसारी येते.

पट्टा पलंगाखाली धूळ खात पडला. मी बोलले, तर वहिनी म्हणाली, "तुम्हाला पोरबाळ नाही वन्सं, तुम्हाला आईचा जीव काय कळणार?"

एकदा माप घेताना टिकलीच म्हणाली, "आत्या, बाबाची रांग लावणारी मावशी आईला विचारते, हिला पाळी आली का. आली असेल तर खांद्यावर पांढरं फडकं टाकते, नसेल तर पिवळं. पांढऱ्या फडक्याचा ओळंबा कधी हलतच नाही. आपण खोटं सांगून बघूया?"

पुढच्या खेपेला ती सकाळी आईबरोबर गेली, मागोमाग मी. पिवळं फडकं पडलं, ओळंबा हलला. वहिनी दोऱ्याच्या तेलासाठी दुसऱ्या रांगेत गुंतली, तशी मी टिकलीचे केस वर बांधले, दोरा सोडून पिशवीत टाकला आणि तिला पुन्हा रांगेत उभं केलं. मावशी मुलींकडे बघतच नसे, आयांकडे बघायची, आणि आता आई बदलली होती. पाळी येऊन दोन वर्षं झाली, असं मी ठोकून दिलं. पांढरं फडकं पडलं. ओळंबा मेल्यासारखा थांबला.

"थांबला बाक. आता लग्न उजवून टाका पोरीचं," बाबा आतून म्हणाला. पोर अकरा वर्षांची.

टिकलीनं वळून झरोक्यात तोंड घातलं. "बाबा, सकाळी तर वाढणार होता."

बाबानं ओळंबा मुठीत लपवला. मग म्हणाला, "दोऱ्यानं गुण दिला, बाळ."

"दोरा आत्याच्या पिशवीत आहे."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. वहिनी तेलाची रांग सोडून पुढे आली.

डॉक्टरीणबाईंनी नंतर सगळं उलगडून सांगितलं. मूल उंच होत असतं तोवर बाक वाढायची भीती. पाळी आल्यावर दोनेक वर्षांत उंची थांबत येते, तसा लहान बाकही बहुधा थांबतो. वय, पाळी, एक्स-रे, बाक किती मोठा, एवढं बघून डॉक्टर अंदाज बांधतात, आणि तरीही 'बहुधा' म्हणतात. बाबानं तेवढा 'बहुधा' गिळला होता. ओळंबा त्याच्याच बोटानं हलायचा.

बाबा त्याच आठवड्यात पळाला, दुसरीकडे गुडघे बघू लागला म्हणे. मावशी इथेच राहिली, कोणाच्या नजरेला नजर न देता. वहिनीनं पट्टा स्वतः पुसून टिकलीला घातला. पुढे शेजारणींच्या मुलींना तीच हात धरून दवाखान्यात न्यायची. टिकली पोहायला शिकवायची, आता निवृत्त झाली. पाठीत किंचित बाक राहिलाय, कोणाच्या लक्षात येत नाही.

आमच्या समोरच्या घरातल्या मुलीचा दोरा मात्र तिच्या वडिलांनी बाबा गेल्यावरही वर्षभर सोडू दिला नाही. तोवर तिची वाढ होऊन गेली, बाकही वाढून बसला. आता ती जिना चढताना दम लागून मध्येच थांबते. आपल्या मुलीला पुढे वाकायला सांगा, पाठ एका बाजूनं उंच दिसली तर डॉक्टरला दाखवा, एवढंच माझं सांगणं. त्या समोरच्या मुलीचे कपडे अजून मीच शिवते. एका खांद्याखाली कापसाची गादी घालते, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसतात.