मेणातला पाय

डबीच्या कडेपासून साधारण तीन मिलिमीटर आत, पिवळट लिप बामच्या पृष्ठभागावर, एक पाय होता. मधमाशीचा, बहुधा मागचा. लांबी चार मिलिमीटरच्या आसपास, मधल्या सांध्यात वाकलेला, खालच्या रुंद भागावर बारीक केस. अर्धा मेणात रुतलेला, अर्धा वर. मी डबी ट्यूबलाइटखाली धरून तिरकी केली. पाय हलला नाही.

"करिष्मा, हे बघ."

माझ्या नणंदेनं डबी हातात घेतली, करंगळीच्या नखानं पाय उकरून काढला, गाऊनला पुसला आणि पडलेला खड्डा बोटानं सारखा केला. "निसर्ग आहे, वहिनी," ती म्हणाली. "कंपनीच्या मालात सापडेल का असं काही?"

"नाही सापडणार."

"मग? म्हणून तर लोक आपलं घेतात."

तिनं झाकण लावलं आणि लेबल चिकटवलं. हिरव्या कागदावर मधाचा थेंब, खाली बारीक अक्षरात 'एम.एस्सी. केमिस्ट विजयश्री वहिनींच्या देखरेखीखाली'. विजयश्री म्हणजे मी. देखरेख एवढीच, की गेल्या पावसाळ्यात तिनं मेण किती तापवायचं असं विचारलं आणि मी पासष्ट अंशांच्या आसपास असं सांगितलं. लेबल छापून आल्यावर मला कळलं. तेव्हा मी हसले होते.

मेण मावळातल्या एका मधवाल्याकडून येतं. काळपट, चिकट ढेप. ते वितळलं की वर फेस येतो आणि फेसात पंख, पाय, अळ्यांच्या साली तरंगतात. करिष्मा ते जुन्या ओढणीतून गाळते. ती ओढणी नंतर आमच्या बाथरूममध्ये वाळत असते, तपकिरी आणि ताठ, पुठ्ठ्यासारखी. आंघोळ करताना तिचा कोपरा ओल्या खांद्याला लागतो. मग मी तेवढा भाग पुन्हा साबणानं धुते.

माझे ओठ सप्टेंबरपासून बिघडले. सकाळी ते एकमेकांना चिकटलेले असायचे. सोडवताना पापुद्रा निघायचा आणि खालून पाणी यायचं. ते वाळलं की मधाच्या रंगाची खपली धरायची. चहा प्यायल्यावर कपाच्या कडेला तसाच रंग राहायचा. मी तो कप कोणी बघायच्या आत विसळायची. स्वतःच्या तोंडाची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

सासूबाईंनी, म्हणजे सुमनताईंनी, उपाय सांगितला. "रातच्याला बेंबीत तेल सोड. आमच्याकडं समदी तेच करत्यात."

करिष्माचं निदान वेगळं होतं. "वहिनी, तुमच्या कंपनीतल्या केमिकलनं होतंय हे. आपला बाम जास्त लावा."

मी जास्त लावला. रसायनशास्त्र शिकलेल्या बाईनं तीन महिने, दिवसातून सहा वेळा, जो पदार्थ ओठ सोलत होता तोच ओठांवर लावला. 

डिसेंबरच्या सुरुवातीला थेरगावला डांगे चौकाजवळ त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. डॉ. आम्रपाली यांनी माझ्या पाठीवर चौकोनी ठिपक्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक ठिपक्यात वेगळा पदार्थ. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही. ते दोन दिवस मी चाकणच्या लॅबमध्ये ओव्हनशेजारी उभी राहून काढले. दुसऱ्या दिवशी दुपारी मला माझाच वास येऊ लागला. पट्ट्या निघाल्या. आणखी दोन दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा पाठ पाहिली, तेव्हा एका चौकोनात लाल गांध आणि त्यावर पाण्याचे फोड होते.

"प्रोपोलिस," त्या म्हणाल्या. "पोळ्याच्या फटी बुजवायला मधमाश्या झाडाचा डिंक आणतात, तो. कच्च्या मेणात असतो. सगळ्यांना बाधत नाही. तुम्हाला बाधतोय. मेण घरात येतं का?"

"नणंद वितळवते. लिप बाम करते."

"लोकांना देते?"

"हो."

"मग तिला सांगा." कागद लिहिता लिहिता त्यांनी वर पाहिलं. "आजच सांगा."

"सांगते," मी म्हणाले.

त्याला सहा आठवडे झाले.

कारखान्यात मी मुलामा दिलेले सुटे भाग तपासते. दिवसाला दोन-तीन लॉट नापास होतात. लाल पट्टी लावायची, सही करायची. सुपरवायझर किसनभाऊ एकदा म्हणाले, "मॅडम, घरी तुम्ही भाजीपण रिजेक्ट करत असाल. साहेबांची दया येते मला."

मी नाही म्हणाले. ते खरंच होतं. घरी मी काहीच नापास करत नाही.

करिष्मा लग्न मोडून दोन वर्षांपूर्वी आमच्या रावेतच्या फ्लॅटमध्ये आली. पहिलं वर्ष ती दुपारपर्यंत झोपायची. मागच्या संक्रांतीला घरात हळदीकुंकू होतं, तेव्हा ती आतल्या खोलीत दार लावून बसली होती. तिला कोणी आत बस म्हणालं नव्हतं, बाहेर ये असंही कोणी म्हणालं नव्हतं. बाम सुरू झाल्यापासून ती सहाला उठते, गाणं गुणगुणते. यंदा सुमनताईंनी जाहीर केलं, "वाण माझ्या लेकीच्या हातचं. आणि वाटंल पण तीच. कुणाला पटंना तर त्यानं येऊ नये." ऐंशी डब्या ठरल्या. मी तोंड उघडलं असतं तर करिष्मा पुन्हा त्या खोलीत गेली असती. मी उघडलं नाही.

त्याऐवजी मी सांभाळून राहायला शिकले. माझा कप वेगळा, टॉवेल वेगळा. पर्समध्ये साध्या पेट्रोलियम जेलीची ट्यूब, वास नसलेली, मेण नसलेली. पण मेण घरात सगळीकडे होतं. गॅसच्या बटणांवर, फ्रिजच्या दांडीवर, टीव्हीच्या रिमोटवर. बोट लावलं की चिकट, आणि त्या चिकट्याला केस लागलेले. रोज सकाळी निघताना करिष्मा दारात उभी. "थांबा वहिनी." तिचं बोट माझ्या ओठांवर फिरायचं, त्याला कधी लसणाचा वास असायचा. लिफ्ट तळमजल्यावर येईपर्यंत मी टिशूनं ओठ पुसून काढायची. त्यामुळे ते अर्धे बरे व्हायचे आणि पुन्हा चिघळायचे.

शेवटी नवऱ्याला सांगितलं. शेखरनं रिपोर्ट दोनदा वाचला.

"रविवारचं हळदीकुंकू होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "मग आपण शांतपणे सांगू तिला."

"रविवारी ऐंशी डब्या जातील, शेखर."

"सगळ्यांना होत नाही असं डॉक्टरच म्हणाल्या ना? मग?"

मी रिपोर्टची घडी घालून पर्समध्ये ठेवली. त्याचं म्हणणं मला सोयीचं होतं, हेही मी नोंदवून ठेवलं.

शुक्रवारी लिफ्टमध्ये आमच्याच विंगमधली स्वरूपा भेटली. तिनं तोंडावर ओढणी धरली होती. आत मी एकटीच आहे असं बघून तिनं ती खाली केली. वरचा ओठ सुजून बाहेर आला होता, कोपऱ्यात तीच मधाच्या रंगाची खपली. मला आरशात पाहिल्यासारखं झालं आणि मी नजर वळवली.

"वहिनी, तुम्हाला विचारणारच होते," ती म्हणाली. "करिष्माताई म्हणाल्या, आतली घाण बाहेर पडतेय, लावत राहा. तीन आठवडे झाले. अजून किती घाण असेल हो?"

"थोडे दिवस बंद ठेव ना."

"बंद कसं करू? तुमचं नाव बघून तर घेतला." ती हसायला गेली आणि ओठाची चीर उघडली. रक्ताचा बारीक थेंब आला. तिनं पर्समधून हिरव्या लेबलची डबी काढली आणि त्यावरच बाम लावला.

माझा मजला आला. मी उतरले.

रविवारी संध्याकाळी बैठकीत पस्तीसेक बायका होत्या. मी सर्दीचं कारण सांगून मास्क लावला होता. करिष्मानं जांभळी पैठणी नेसली होती. सुमनताई सोफ्यावर बसून प्रत्येकीला सांगत होत्या, "समदं घरचं हाय. केमिस्टची सही हाय त्याच्यावर."

टेबलावर ऐंशी डब्यांचा मनोरा होता आणि पुढे एक उघडी डबी, लावून बघायला. बायका एकमेकींना हळदीकुंकू लावत होत्या आणि त्याच बोटांनी डबीतून बाम घेत होत्या. ओठाला लावायचं, पुन्हा बुडवायचं. मी हळदीकुंकवाचं तबक घेऊन टेबलाजवळ आले तेव्हा बामवर बोटांच्या चऱ्या पडल्या होत्या. त्यात कुंकवाचे कण, लिपस्टिकची गुलाबी रेघ, एक ओला तीळ. कडेला पापुद्र्याचा पांढरट तुकडा होता. कोणाच्या तरी ओठाचा. तो कोणाचा असेल हे मला माहीत होतं, कारण स्वरूपा नुकतीच तिथून बाजूला झाली होती.



"मला दोन दे गं," स्वरूपा करिष्माला म्हणत होती. "एक आमच्या सासूबाईंना."

"दोन घे, चार घे. आधी गंमत बघ." करिष्मानं टाळी वाजवली. "सगळ्यांनी इकडे बघा जरा. आमच्या वहिनी चाकणला कंपनीत असतात. तिथल्या केमिकलनं त्यांचे ओठ काय झालेत ते बघा. आजपासून मी रोज फोटो टाकणार ग्रुपवर. आठ दिवसांत फरक नाही दिसला तर नाव बदलीन. वहिनी, मास्क काढा की. लाजताय काय?"

"लाज वाटायला नवरी हाय व्हय ती," सुमनताई म्हणाल्या. बायका हसल्या.

मी मास्क काढला. हसणं थांबलं. कोणीतरी हळूच "अगं बाई" म्हणालं.

करिष्मानं उघड्या डबीत बोट बुडवलं. ते वर आलं तेव्हा नखाजवळ तो ओला तीळ होता. बोट माझ्या तोंडाकडे येऊ लागलं. तिचा चेहरा आनंदानं फुललेला होता, आणि मागच्या वर्षीचं बंद दार मला स्पष्ट आठवत होतं. बोट ओठांपासून दोन सेंटिमीटरवर असताना मी तिचं मनगट धरलं.

"काय झालं, वहिनी?"

मी तबक टेबलावर ठेवलं. स्वरूपाच्या हातातल्या दोन्ही डब्या घेतल्या आणि मनोऱ्याशेजारी ठेवल्या. दाराशी उभा असलेला शेखर मान हलवत होता, नको म्हणून.

"कंपनीतल्या केमिकलनं नाही झालं हे," मी म्हणाले. माझा आवाज लॅबमध्ये असतो तसाच आला. "या बामनं झालंय. माझे ओठ, आणि बहुतेक स्वरूपाचेही. सगळ्यांना होईल असं नाही, पण कोणाला होईल ते मी सांगू शकत नाही. करिष्माला हे माहीत नव्हतं. मला सहा आठवडे माहीत आहे. हे वाण कोणी घरी नेऊ नका, आणि माझं नाव या डबीवरून काढा."