नमुना दोन बाटल्यांत

पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेतल्या त्या बाईंना सगळे बाटलीबाई म्हणत. खांद्यावरच्या पिशवीत सदा काचेच्या बाटल्या खणखणत असत, म्हणून. नदीला कधी उग्र वास यायचा, कधी तांबूस फेस. लोक तक्रार करत, खातं ती लिहून घेई आणि विषय तिथेच मिटे. पाणी घाण करणं हा गुन्हाच नव्हता, तर पकडणार कोणाला?

मग कायदा झाला. त्यापाठोपाठ प्रदूषण मंडळ आलं. पोस्टाच्या वरच्या दोन खोल्या, एक कपाट, अध्यक्ष म्हणून एक निवृत्त इंजिनिअर आणि दुसऱ्या खात्यातून उसन्या घेतलेल्या बाटलीबाई. वर्षभरात त्यांनी एका रंगाच्या कारखान्यावर पहिला खटला भरला आणि सपशेल हरल्या.

"नमुना कोणी घेतला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मी."

"बाटली बंद कोणी केली?"

"मीच."

"आणि तपासली?"

"तीही मीच."

"मग हे पाणी त्याच नाल्यातलं, हे तुमच्याखेरीज कोण सांगणार?"

कोर्टात हशा पिकला. बाईंना झोंबलं ते हसणं नव्हे. न्यायाधीश बरोबर बोलत होते, हे झोंबलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कलम लिहून अध्यक्षांसमोर ठेवलं. नमुना कारखान्याच्या माणसासमोर घ्यायचा. दोन बाटल्यांत भरायचा. दोन्ही लाखेनं सील करून दोघांनी सह्या करायच्या. एक बाटली आपण तपासायची, दुसरी बाहेरच्या प्रयोगशाळेनं.

"एवढं लांबण लावलंत तर कोण सही करेल?" अध्यक्ष म्हणाले.

"नाही केली तर 'सही नाकारली' असं लिहायचं. तोही पुरावाच."

कागद वरिष्ठांच्या ऑफिसात गेला, सात महिने तिथं धूळ खात पडला आणि एके दिवशी नियम होऊन परत आला.

नव्या नियमाखालची पहिली तपासणी कातडी कमावण्याच्या कारखान्याची निघाली. तिथं फोरमन होता बाईंचा सख्खा थोरला भाऊ. बाईंनी अध्यक्षांना सांगितलं, "मला यातून वगळा."

"दुसरं आहे कोण?" अध्यक्ष रिकाम्या खोलीकडे हात करत म्हणाले.

कारखान्याच्या मालकानं मुद्दाम भावालाच नाल्यावर पाठवलं. बहीण विरघळेल, असा त्याचा हिशेब असावा.

"सणावाराला येत नाहीस," भाऊ म्हणाला, "आणि आलीस ती बाटल्या घेऊन."

"दादा, सही नाकारायचा तुला हक्क आहे. तसं नियमात आहे."

"नियम मला शिकवू नकोस. आत चारशे माणसं आहेत, त्यांचं काय करायचं ते आहे का नियमात?"

बाईंनी दोन्ही बाटल्या भरल्या. लाख वितळवायला घेतली, पण ती बुचावर पडायच्या ऐवजी बोटांवर पडली.

"दे इकडे. एक काम धड जमेल तर शपथ!" भावानं लाखेची काडी हिसकावून घेतली. वीस वर्षं व्हॉल्व्ह आणि सांधे बसवलेला माणूस तो. दोन्ही बुचांवर त्यानं लाख अशी बसवली की नख शिरायला जागा राहिली नाही. मग सहीचा कागद दोनदा वाचला, सही केली आणि मागं वळून न बघता आत निघून गेला.

दोन्ही प्रयोगशाळांचे आकडे जुळले. पाण्यात कातडी कमावण्यातलं विषारी क्रोमियम मर्यादेच्या नऊपट निघालं. कोर्टात कारखान्याच्या वकिलानं वेगळीच वाट धरली. बहीण-भावाचं पटत नाही, म्हणून बाईंनी हे कुभांड रचलं, असं त्यानं सांगितलं. भावाला पिंजऱ्यात उभं केलं.

"बहिणीशी तुमचं पटत नाही, खरं ना?"

"खरं आहे."

"म्हणजे बाटल्या तिनंच नंतर बदलल्या असतील?"

भावानं मान वर केली. मालक समोरच बसला होता. "लाख मी लावलीय, साहेब," तो म्हणाला. "ती उचकटल्याची खूण असेल तर दाखवा."

खूण नव्हतीच. कोर्टाच्या हुकुमानं कारखाना आठ महिने बंद राहिला. शुद्धीकरणाच्या टाक्या बांधून पुन्हा सुरू झाला तेव्हा सगळ्यांना परत बोलावलं, फक्त फोरमनला नाही. तो घरामागच्या शेडमध्ये पंप दुरुस्त करू लागला. वहिनी बाईंशी दोन वर्षं एक अक्षर बोलली नाही. नियमात मात्र एक ओळ वाढली: तपासणी अधिकाऱ्यानं नातेवाईक असलेल्या ठिकाणी नमुना घेऊ नये. ती बाईंनीच लिहिली.

ती नदी पुढे सीमा ओलांडून शेजारच्या देशात जायची. बऱ्याच वर्षांनी दोन्ही देश करारासाठी एका टेबलाशी बसले. केस पिकलेल्या बाटलीबाई सल्लागार म्हणून मागच्या रांगेत होत्या. नमुना दोघांनी मिळून 'घ्यावा' की 'घेतलाच पाहिजे', यावर दीड दिवस वाद चालला.

"तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?" शेजारच्या प्रतिनिधीनं वैतागून विचारलं.

"नाही," मागून बाई म्हणाल्या. "तुमचाही आमच्यावर नसू दे. म्हणून तर दोन बाटल्या."

तो प्रतिनिधी आधी चमकला, मग खो खो हसला. करारात 'घेतलाच पाहिजे' आलं.

छापील प्रत घेऊन बाई भावाकडे गेल्या. त्यानं हात पुसले, चष्मा लावला आणि नमुन्याच्या नियमाचं परिशिष्ट बोट ठेवून वाचलं.

"यात तुझं नाव कुठे आहे?"

"कायद्यात कुणाचंच नसतं, दादा."

"बरंय. चारशे जणांच्या शिव्या तरी टळल्या." तो पुन्हा पहिल्या पानावर गेला. या वेळी सावकाश वाचू लागला.

वहिनी दारात उभी होती. "मग आता तिकडच्या लोकांना चांगलं पाणी मिळेल?"

"लगेच नाही, वहिनी. दहा वर्षं तरी लागतील."

"मग आज तुम्हाला कसली घाई आहे?" वहिनी म्हणाली. "जेवून जा."